चूक सापडल्याचा आनंद

आज थोडे निराळे चिंतन मांडतो. संतांच्या थोरवीवर आम्ही कीर्तनकार नेहमीच बोलतो. आज माणसाच्या चुकीवर बोलायचे आहे. आणि शेवटी माझ्या स्वतःच्या एका चुकीवर, जी मी बावीस वर्षे पदराआड झाकून ठेवली.

प्रारंभ नाथमहाराजांपासून करू. परंपरेने चालत आलेली ही कथा तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. पैठणचा हा बालक देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत राहिला. स्वामींनी त्याच्याकडे हिशेबाचे काम सोपवले. एके दिवशी जमाखर्चात एका पैचा मेळ बसेना. पै ती केवढी! दुसरा असता तर पदरची घालून मोकळा झाला असता. नाथ दिवा लावून बसले ते रात्र सरत आली तरी उठले नाहीत. अखेर ती पै सापडली, आणि नाथांनी आनंदाने टाळी वाजवली. त्या आवाजाने स्वामी जागे झाले. कारण कळल्यावर ते म्हणाले की, एका पैची चूक सापडली तर तुला एवढा आनंद होतो. मग या संसारात जी मोठी चूक होऊन बसली आहे, ती सापडली तर केवढा होईल! त्या बोधाने नाथांचे चित्त पालटले, असे सांगतात.

ही कथा आम्ही सांगतो तेव्हा गुरूच्या उत्तरावर भर देतो, आणि ते योग्यच आहे. पण अलीकडे माझे मन त्या टाळीवर अडून राहते. अहो, चूक सापडली तर आपण काय करतो? तोंड लपवतो, नाहीतर दुसऱ्याकडे बोट दाखवतो. नाथांनी टाळी वाजवली! चूक सापडल्याचा आनंद ज्याला होतो तो साधक. चूक सापडल्याचा राग ज्याला येतो, त्याने अजून पुष्कळ वाट चालायची आहे असे समजावे.

पाठशाळेत आमचे गुरुजी सांगत की मनुष्याच्या बुद्धीला शास्त्रकारांनी चार दोष सांगितले आहेत. पहिला भ्रम, म्हणजे एकाच्या जागी दुसरे दिसणे, दोरीच्या जागी साप. दुसरा प्रमाद, म्हणजे बेसावधपणा. तिसरा करणापाटव, म्हणजे डोळे, कान आणि हातातली साधने अपुरी पडणे. चौथा विप्रलिप्सा, म्हणजे दुसऱ्याला फसवण्याची इच्छा. हे नाव अवघड आहे, पण वस्तू घरोघरची आहे. मी हे चार शब्द बाराव्या वर्षी पाठ केले. त्यांचा अर्थ कळायला साठी यावी लागली.

आता काही खऱ्या हकिकती सांगतो. त्या परदेशच्या आहेत. कोणी म्हणेल, महाराज, आम्ही पायी चालणारी माणसे, आम्हांला विमानाच्या गोष्टी कशाला? बाबांनो, वाहन बदलले तरी आत बसलेला माणूस तोच आहे.

पहिली हकिकत कॅनडातली. २३ जुलै १९८३ या दिवशी एक नवे मोठे विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. विमानात ६९ माणसे होती. टाकीत किती इंधन आहे हे दाखवणारे काटे बंद पडले होते. हे झाले करणापाटव. तरीही मार्ग होता. पट्टी घालून टाकीतले इंधन मोजायचे आणि लिटरचे किलो करायचे. त्या देशात तेव्हा जुनी मापे जाऊन नवी येत होती, आणि हे विमान किलोच्या हिशेबाचे होते. एका लिटरला सुमारे ०.८ किलो धरायचे, तिथे सवयीने १.७७ हा आकडा धरला गेला. हा आकडा पौंडाचा! पाहिजे होते २२,३०० किलो, टाकीत होते २२,३०० पौंड, म्हणजे निम्म्याहून कमी. हा झाला प्रमाद.

यात एक गोष्ट फार शिकण्यासारखी आहे. हा हिशेब एकदाच झाला नव्हता. ओटावाला विमान उतरले तेव्हा पुन्हा मोजून पाहिले, आणि उत्तर बरोबर आले. का आले? तर पुन्हा तोच आकडा वापरला म्हणून! माप खोटे असेल तर शंभरदा मोजले तरी खोटेच उत्तर शंभरदा बरोबर येते. आपलेही असेच आहे. माणूस रात्री अंथरुणावर पडून आपल्या वागण्याचा हिशेब करतो, आणि रोज तो निर्दोष ठरतो. कारण माप त्याचे स्वतःचेच असते. म्हणून माप दुसऱ्याच्या हातात द्यावे लागते. यासाठीच संतसंग सांगितला आहे.

पुढे काय झाले? आकाशात हजारो फुटांवर एक इंजिन थांबले, मग दुसरेही थांबले. एवढे अवजड विमान नुसत्या वाऱ्यावर तरंगत खाली येऊ लागले. मुख्य वैमानिक रॉबर्ट पिअर्सन याला बिनइंजिनाची विमाने चालवण्याचा सराव होता. त्याचा विचार विनिपेगला पोहोचण्याचा होता. शेजारच्या सहवैमानिकाने, मॉरिस क्विंटलने, उंची किती वेगाने कमी होते आहे याचा हिशेब केला आणि सांगितले की आपण तिथवर पोहोचणार नाही. जवळ गिमली येथे हवाईदलाचा जुना तळ आहे. त्याने पूर्वी तिथे काम केले होते. पिअर्सनने आपला विचार सोडला आणि विमान तिकडे वळवले. त्या जुन्या धावपट्टीवर त्या दिवशी मोटारींच्या शर्यती चालल्या होत्या! पुढचे चाक दुमडून विमानाचे नाक जमिनीवर घासले, काहींना उतरताना किरकोळ इजा झाली, पण एकही माणूस दगावला नाही. चूक जमिनीवर अनेकांनी मिळून केली होती. जीव वाचले ते एकाने बोलल्यामुळे आणि दुसऱ्याने ऐकल्यामुळे.

आता दुसरी हकिकत. ही सांगताना जीभ जड होते.

२७ मार्च १९७७, रविवार. अटलांटिक महासागरात स्पेनची कॅनरी नावाची बेटे आहेत. तिथल्या एका विमानतळावर बॉम्ब फुटला, म्हणून पुष्कळ विमाने शेजारच्या टेनेरीफ बेटावरच्या लहान विमानतळाकडे वळवली गेली. त्यांत दोन प्रचंड विमाने होती, एक डच आणि एक अमेरिकन. विमानतळावर इतकी गर्दी झाली की धावपट्टीचाच रस्ता करून विमाने पुढे न्यावी लागत होती. त्यात धुके उतरले. डच विमान एका टोकाला उड्डाणासाठी वळून उभे राहिले. अमेरिकन विमान त्याच पट्टीवरून समोरून येत होते. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता, आणि मनोऱ्यातल्या अधिकाऱ्याला दोघेही दिसत नव्हते.

डच विमानाचा कप्तान कोण होता? आपल्या कंपनीतला अत्यंत नावाजलेला वैमानिक, दुसऱ्यांना शिकवणारा. शेजारी बसलेला सहवैमानिक त्या जातीच्या विमानावर नवखा होता. कप्तानाला घाई होती, कारण कामाच्या तासांची मर्यादा संपत आली होती. त्याने इंजिनाचा जोर वाढवताच सहवैमानिकाने थांबवले की अजून परवानगी नाही. कप्तान थांबला. मग मनोऱ्यातून वाक्य आले, ते उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने जावे याचे. कप्तानाने ते उड्डाणाचीच परवानगी म्हणून घेतले. दोरीचा साप झाला! विमान धावू लागले. सहवैमानिकाने एकदा टोकले होते; दुसऱ्यांदा टोकण्याचे धैर्य त्याला झाले नाही. मनोऱ्यातून थांबण्याचा शब्द आला, पण त्याच क्षणी अमेरिकन विमानही बोलले, आणि दोन आवाज आदळून कर्कश शिट्टी तेवढी ऐकू आली.

तरीही देवाने आणखी एक संधी दिली होती. मागे बसलेल्या यंत्रज्ञाच्या कानी एक पुढचे वाक्य पडले. त्याने विचारले की ते अमेरिकन विमान अजून पट्टीवरून बाजूला झाले नाही काय? कप्तानाने ठासून सांगितले की झाले आहे. यंत्रज्ञ गप्प बसला. थोड्याच क्षणांत धुक्यातून दुसरे विमान समोर आले. ५८३ माणसे गेली. डच विमानातला एकही वाचला नाही. अमेरिकन विमानातले ६१ जण वाचले.

सज्जनहो, त्या कप्तानाला दुष्ट म्हणू नका. तो दुष्ट नव्हता. तो फार मोठा होता, आणि त्याच्या मोठेपणाच्या सावलीत दोन शहाण्या माणसांचे शब्द अर्धवट राहिले. त्या अपघातानंतर जगभर वैमानिकांच्या शिक्षणाची रीत पालटत गेली. धाकट्याने शंका आली की स्पष्ट बोलावे आणि थोरल्याने थांबून ऐकावे, हे आता वैमानिकाला शिकवतात. ‘उड्डाण’ हा शब्दही मनोऱ्यातून प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच उच्चारायचा, असा दंडक झाला.

तिसरी हकिकत वियेन्ना शहरातली. १८४७ साली तिथल्या मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाचा तरुण वैद्य होता. बाळंतिणींचे दोन कक्ष होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या कक्षात बाळंतज्वराने मरणाऱ्या बायका सुइणींच्या कक्षापेक्षा कितीतरी अधिक. आम्हांला तिथे नेऊ नका म्हणून बायका गयावया करीत. मग सेमेलवाइसचा एक डॉक्टर मित्र वारला. प्रेताची चिरफाड चालू असता विद्यार्थ्याची सुरी त्याच्या बोटाला लागली होती. त्याची लक्षणे बाळंतज्वराचीच दिसली. सेमेलवाइसला उलगडा झाला. प्रेते तपासणारे हातच पुढे बाळंतिणींना लागतात, आणि मरण त्या हातांवरून जाते! मे महिन्यापासून त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलात शेकडा १८ बायका दगावल्या होत्या. जूनमध्ये शेकडा सुमारे २ वर आकडा आला.

पुष्कळ विद्वानांनी ते मानले नाही. प्रतिष्ठित वैद्यांना आपल्या हातून रोगी मरतो हे ऐकवेना. पण मला त्यांच्यापेक्षा सेमेलवाइसविषयी बोलायचे आहे. १८६१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने लिहून ठेवले की, माझ्यामुळे अकाली थडग्यात गेलेल्या स्त्रिया किती, हे एक देवच जाणे. पाहा, तो शोध लावणारा होता. दुसऱ्यांवर खटला भरून स्वतः बाजूला राहता आले असते. त्याने आधी आपले नाव आरोपीत घातले. अर्थात त्याचीही एक चूक झाली. पुढे तो विरोधकांना उघड पत्रांतून खुनी म्हणू लागला, आणि ऐकणारे आणखी दूर गेले. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. सत्य सांगणाऱ्याने गोड बोलावे असे संत म्हणतात, ते उगाच नाही. तरी त्याचा कबुलीजबाब मला आरशासारखा वाटतो.

त्या आरशात मला जे दिसले ते आता सांगतो.

बावीस वर्षांपूर्वीच्या आषाढीला आमची लहानशी दिंडी पंढरीच्या वाटेवर होती. वरती मोठा पाऊस झाला होता. वाटेत एक ओढा, त्यावर बिनकठड्याचा फरशी पूल, आणि फरशीवरून पाणी वाहत होते. पलीकडे मुक्कामाचे गाव. उशीर झालेला, आणि रात्री माझे कीर्तन ठरलेले. आमच्यात सोळा वर्षांचा एक मुलगा होता, टाळकरी. तो पुढे जाऊन काठीने पाणी पाहून आला नि म्हणाला, “महाराज, थांबू या. पाणी मघापेक्षा चार बोटं चढलंय. मी खुणेला धरलेला दगड बुडाला.”

मी काय म्हणालो? “माउलीचं नाव घ्यायचं आणि ओढ्याला भ्यायचं, असा कसला रे वारकरी तू!” चार माणसे हसली. मुलाने मान खाली घातली. आम्ही नामाचा गजर करीत पाण्यात शिरलो.

डोक्यावर तुळस घेतलेली एक म्हातारी आजी फरशीच्या कडेवरून घसरली आणि वाहत गेली. खाली एक मेंढपाळ होता, त्याने काठी पुढे केली, उडी घातली, आजीला बाहेर ओढले. आजी वाचली, पण खुबा मोडला. चाळीस वर्षे चाललेली तिची वारी त्या दिवशी थांबली. पुन्हा ती कधी चालू शकली नाही.

प्रमाद एवढ्यावर संपला असता. पण मी पुढे काय केले ते ऐका. त्याच रात्री कीर्तनात मी हा प्रसंग दृष्टांत म्हणून सांगितला. देव भक्तासाठी मेंढपाळ होऊन कसा धावतो! लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. मग मी तो प्रसंग गावोगाव सांगितला. त्यात ओढा होता, आजी होती, मेंढपाळ होता. तो मुलगा नव्हता. चार बोटे चढलेले पाणी नव्हते. माझे वाक्य नव्हते. गुरुजींनी सांगितलेला चौथा दोष, विप्रलिप्सा, तो हाच. मी खोटे एक अक्षर बोललो नाही, आणि सगळे मिळून खोटे बोललो.

दोन वर्षांनी मी आजीच्या गावी गेलो. ती ओसरीवर बसली होती. मी पाया पडलो. ती म्हणाली, “पायाचं काय नाय, म्हाराज. वय झालंच हुतं. पर कीर्तनात ही गोष्ट सांगता तवा त्या पोराचं बी सांगत जावा. देव आधी त्याच्या तोंडानं बोलला हुता.”

वाचकहो, सबंध आयुष्य मी ग्रंथ वाचले. असा अर्थ मला कोणी सांगितला नव्हता. मेंढपाळाच्या काठीत मला देव दिसला, कारण त्याने माझी लाज राखली. पोराच्या काठीत दिसला नाही, कारण त्याने मला अडवले. आपली वारीची रीत अशी की लहान-थोर एकमेकांच्या पाया पडतात. त्या दिवशी सकाळी मी त्या मुलाच्या पायावर डोके ठेवले होते. दुपारी त्याच्या शब्दाला कान दिला नाही. पायावर डोके ठेवणे सोपे असते. ते काही बोलत नाहीत.

आणि एवढे कळूनही मी ते सांगितले नाही. तो दृष्टांत देणे सोडले, इतकेच. तो मुलगा आता दोन लेकरांचा बाप आहे. अजून टाळ धरतो. पण त्या दिवसानंतर दिंडीच्या कामात तो कधी आपणहून बोलला नाही. विचारले तर म्हणतो, महाराज म्हणतील तसं. लोकांना ती त्याची नम्रता वाटते. मला ते वाक्य दर वेळी बोचते. माणूस एकदा हसण्यावारी नेला, म्हणजे एकच शब्द वाया जातो असे नाही. पुढचे सगळे शब्द जातात.

कोणी म्हणेल, हे सगळे प्रारब्ध होते, तुम्ही निमित्त. हे उत्तर मी स्वतःला पुष्कळ वर्षे दिले आहे, म्हणून त्याचा पोकळपणा मला ठाऊक आहे. प्रारब्ध घडून गेलेल्या गोष्टीचे दुःख सोसण्यासाठी सांगितले आहे, घडवलेल्या गोष्टीची जबाबदारी टाळण्यासाठी नाही. ओढ्याला पूर आणणे माझ्या हातात नव्हते. थांबणे होते. श्रद्धा म्हणजे पाण्याकडे न पाहणे नव्हे. मी ज्याला श्रद्धा म्हणालो तो माझा हट्ट होता, आणि त्याला मी माउलीचे नाव दिले. नामाचा असा उपयोग करणे हाही नामाचा अपराधच.

मग आपण काय करावे? फार मोठे काही नाही. येत्या वारीत ओढा आला, घाट आला, रात्रीची चाल आली, तर निघण्यापूर्वी विणेकऱ्याने दिंडीतल्या सर्वांत धाकट्याला विचारावे, “बाळा, तुला काय दिसतं?” आणि कोणी थांबा म्हटले तर आधी थांबावे, मग चर्चा करावी. थांबून चूक झाली तर घटकाभर उशीर होईल. कीर्तनाला उशीर झाला तर पांडुरंग काही उठून जात नाही. तो विटेवर उभाच आहे. धाकट्यांनीही एवढे करावे. एकदा सांगून ऐकले नाही तर पुन्हा सांगावे, गोड शब्दांत सांगावे, पण गप्प बसू नये. टेनेरीफला दुसऱ्यांदा न उच्चारलेल्या शब्दाची किंमत तुम्ही आताच ऐकली. घरीही हेच. सून सांगेल, नातू सांगेल, गडी सांगेल. सांगणारा कोण हे पाहू नये, पाणी किती चढले ते पाहावे.

आणि ज्याच्या हातून चूक झाली त्याने ती सांगावी. आपण चमत्कार सांगतो तशाच खणखणीत आवाजात सांगावी, म्हणजे पुढच्याला तो दगड दिसेल. मी हा लेख छापायला देण्यापूर्वी त्या मुलाच्या घरी गेलो आणि त्याच्या ओसरीवर बसून त्याला वाचून दाखवला. तो पुष्कळ वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “महाराज, एक चूक आहे. तुम्ही चार बोटं लिहिलंय. मी वीतभर म्हणालो होतो.”

बावीस वर्षांत मी पाणीसुद्धा उतरवून टाकले होते! वर लिहिलेली चार बोटे मी मुद्दाम तशीच ठेवली आहेत, आपले माप आपल्याच बाजूला कसे झुकते हे तुम्हांला दिसावे म्हणून. मी त्या ओसरीवर दोन्ही हातांनी टाळी वाजवली. तोही हसला. आणि पुष्कळ वर्षांनी तो माझ्याशी आपणहून बोलू लागला.

राम कृष्ण हरि.